खाडीच्या बाजूने

ठाणे-बेलापूर रस्ता सरळ आहे,
रविवारी सकाळी चाळीस मिनिटं, फार तर पन्नास.
आम्ही तो घेतला नाही.
चेंदणीच्या नाक्यावर गाडीत बसता बसताच रोझी म्हणाली,
"खाडीच्या बाजूने घे. घाई कुणाला आहे?"
तिच्या मांडीवर फुग्यांचा डबा, पहाटे तळलेले,
जुन्या झग्याच्या फडक्यात बांधलेला.

मी साठीनंतर गाडी शिकले.
काटा चाळीसच्या पुढे गेला
की उजवा पाय आपोआप उचलला जातो.
मागचे हॉर्न वाजवतात. वाजवोत.

ऐरोलीच्या पुलावर आणखी हळू केली.
ओहोटी लागलेली,
चिखलातून तिवरांची मुळं खिळ्यांसारखी वर आलेली,
दोन होड्या कुशीवर.
वाशीला चहा घेतला. मग, उगाच, दुसरा.

नेरूळच्या तळ्यात रोहित पक्षी होते,
पूर्वीइतके नाहीत, पण होते.
रोझीने काच खाली केली, चष्मा कपाळावर ढकलला
आणि डोळे बारीक केले,
कापडाची नमुन्याची पट्टी उजेडात धरायची तशी:
"हा शेड आपल्याला कधीच जमला नाही बघ."

तुर्भ्याची रंगाची कंपनी. लॅबमध्ये आम्ही तिघं.
आज कुठला रंग चाललाय
हे आत जाऊन विचारावं लागायचं नाही,
मागचा नाला सांगायचा.
नाला खाडीला, खाडी दिवाळ्याला.
हरेश्वर दिवाळ्याचा.
एकदा बापाने धरलेला बोय त्याने पिशवीतून आणला,
टेबलावर ठेवून कल्ले उघडून दाखवले.
निळे.
आम्ही तिघांनीही तो निळा नंबरानिशी ओळखला.
कुणी नंबर बोललं नाही.

संप पगारावरून सुरू झाला,
हरेश्वरने त्यात नाल्याचं कलम घातलं.
तेराव्या दिवशी, आत येणाऱ्यांनी सही करायची होती.
रोझीच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं.
माझं काहीच चालू नव्हतं.
मी केली.

करावे गावापाशी गाडी बाजूला घेतली,
उतरून टायर बघितले.
चारही ठीक होते.
"झालं?" रोझीने विचारलं.
"झालं."

दिवाळ्याच्या जेट्टीपाशी तो जाळं सांधत बसला होता,
चष्म्याच्या काड्यांना नायलॉनचा दोरा.
आधी गाडीकडे बघितलं, मग नंबरप्लेटकडे,
मग आमच्याकडे.
"जाम टाईम लागला गो तुमाना."
"ट्रॅफिक होतं," मी म्हटलं.
रोझी डब्याची गाठ सोडत होती, ती सुटेना.
त्याने जाळं बाजूला सारलं,
"पामबीचला ना? सिग्नल जाम झालेत आता."
आणि गाठ त्यानेच सोडून दिली, दातांनी.

त्याच्या बायकोने जिताड्याचं कालवण केलं होतं.
"आपले खारीचा नाय हां," ती घाईने म्हणाली,
"उरणशी आनलाय."
पाण्याला आता रंग येत नाही, तो म्हणाला,
कंपनी गेली तसा. मासा मात्र आधीच गेला होता.
हे त्याने कालवण वाढताना सांगितलं,
मीठ पुढे करावं तसं.
मला काहीतरी बोलायचं होतं.
काटा काढत बसले.

रोझीचा फुगा त्याने रश्शात बुडवला,
बाहेर काढून दाराच्या उजेडात धरला,
फिरवला.
"ह्यो जमलाय," म्हणाला,
आणि खाल्ला.

परतताना सरळ रस्ता घेतला. अडतीस मिनिटं.
कंपनीच्या जागी काचेची इमारत आहे,
तीत आमची गाडी जाताना दिसली, लहानशी.
रोझीला दाखवणार होते, ती झोपली होती.
डिकीत त्याने बळेच ठेवलेली सुक्या जवळ्याची पिशवी.
काचा लावल्या तरी आणि उघडल्या तरी
वास तेवढाच येत होता.